डोंगर फुटतो, गडगा का हटत नाही?

पोलादपूर तालुक्यातील एका बौद्धवाडीत आम्ही वर्षावासाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. ग्रंथवाचन झाले, खीरदान झाले, माणसे घरोघर पांगली. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मात्र विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. आम्ही चपला घालू लागलो तेव्हा त्यांनी विचारले, ''बाळा, सावित्रीवरला पूल सहा महिन्यांत उभा राहिला म्हणतात. कशेडीचा डोंगर फोडून आरपार रस्ता नेला. मग आमच्या वाडीची ही दोनशे पावलं का होत नाहीत?''

महाड-पोलादपूरच्या कोर्टकचेऱ्यांत आम्ही वीस वर्षे काळा कोट घालून वावरतो. कलमे तोंडपाठ आहेत. पण आजींच्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ''बघतो आजी'' एवढेच बोलून आम्ही निघालो. हा लेख म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची फेड आहे.

प्रथम पुलाचे पाहू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. राजापूर आणि जयगडहून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि एक खासगी मोटार अंधारात नदीत गेली. कितीतरी घरांत त्या रात्रीची वाट पाहणे कधीच संपले नाही. सरकार हादरले. नवा पूल बांधायचे ठरले आणि काम सुरू झाल्यापासून १६५ दिवसांत तो बांधून झाला. ५ जून २०१७ रोजी त्यावरून वाहने धावू लागली. ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी हे केले त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. त्यात हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पण हा पूल इतक्या लवकर का झाला, हेही विचारले पाहिजे. पूल सगळ्यांना हवा होता. मुंबईच्या चाकरमान्याला हवा होता, गोव्याच्या पर्यटकाला हवा होता, एमआयडीसीतल्या मालवाहू ट्रकला हवा होता. पुलामुळे कुणाचे नुकसान होत नव्हते. जागा सरकारची, पैसा सरकारचा, खाते एक, जबाबदार अधिकारी एक. पूल कसा बांधावा हे माणसाला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. जिथे उत्तर माहीत आहे, हुकूम देणारा एक आहे आणि आड येणारा कुणी नाही, तो प्रश्न कितीही मोठा दिसला तरी सोपा असतो. पैसा ओतला की सुटतो.

आता त्याच महामार्गाचे पाहा. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि दहा वर्षे उलटली तरी तो पुरा झाला नाही. खाते तेच, नदी-नाले तेच, सिमेंटही तेच. फरक काय? पुलाखाली फक्त पाणी होते. रस्त्याखाली शेकडो लोकांच्या जमिनी होत्या. भूसंपादन, मोबदला, वाटण्या, ठेकेदार, पुन्हा ठेकेदार. हात जितके अधिक, तितकी ढकलाढकल अधिक. म्हणजे प्रश्नाचा अवघडपणा त्याच्या आकारात नसतो. तो प्रश्न किती हातांत वाटला गेला आहे, यात असतो.

महाडचा पूर हा असाच प्रश्न. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. वरच्या घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो. गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी इथेच येऊन मिळते. खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढते. मध्ये गाळाने भरलेले पात्र. जुलै २००५ मध्ये महाड बुडाले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा बुडाले. गाळ काढा म्हणणारे आहेत, दासगावजवळचा रेल्वेचा भराव मोकळा करा म्हणणारे आहेत, डोंगरावरची झाडे वाचवा म्हणणारे आहेत. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि प्रत्येक उपाय वेगळ्या खात्याच्या फायलीत आहे. नदी एक, मालक दहा!

दरडींचेही तेच. २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गाडले गेले, त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरड आली. वाचलेल्या माणसांना कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत पावसाळे काढावे लागले. घर बांधणे अवघड आहे काय? मुळीच नाही. अवघड आहे ती सुरक्षित जागा मिळणे, शेतापासून माणूस न तुटणे, आणि नव्या जागी कोणती वाडी कोणत्या वाडीशेजारी बसणार हे ठरणे. हा शेवटचा मुद्दा सरकारी अहवालात लिहिला जात नाही. पण ज्याने कोकणातले गाव आतून पाहिले आहे, तो तो नाकारणार नाही.

इथून आपण आजींच्या दोनशे पावलांकडे येतो.

त्या वाडीतून सडकेला येणारी पायवाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती एका खासगी वरकस जमिनीतून जाते. काही वर्षांपूर्वी त्या वाटेवर एका रात्रीत दगडी गडगा उभा राहिला. वाडीतली माणसे आमच्याकडे आली. आम्ही मामलेदार कोर्ट ॲक्ट, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल केला. वहिवाटीची वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत हा दावा करावा लागतो. आमच्या कितीतरी बांधवांना हे ठाऊक नसते. ते गावकीच्या बैठकांची वाट पाहतात आणि मुदत निघून जाते. या वाडीने वेळ दवडली नाही. साक्षी झाल्या, पंचनामा झाला, आदेश आमच्या बाजूने लागला. गडगा हटला. वाडीत पेढे वाटले गेले.

आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता, फक्त त्याची साल निघाली होती.

कारण वाट मिळाली ती पायांना. त्यावरून रुग्णवाहिका येत नाही. पावसाळ्यात आजींच्या सुनेला बाळंतपणासाठी डोलीत घालून सडकेपर्यंत न्यावे लागले. बाळ-बाळंतीण वाचली. हे नशीब नव्हते, चार पोरांचे खांदे होते. गाडीचा रस्ता करायचा तर ग्रामपंचायतीला जागा हवी आणि जागेसाठी सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती हवी. सातबारा काढला. त्यावर एकतीस नावे! काही मयत, वारस लागलेले नाहीत. काही लालबाग-परळला, काही सुरतेला, काही आखातात. जे गावात आहेत त्यांच्याकडे आम्ही स्वतः गेलो. चहा मिळाला. ''वकीलसाहेब, रस्ता झालाच पाहिजे, आमचं काही म्हणणं नाही'' असे प्रत्येकजण म्हणाला. आणि सही करायची वेळ आली की, ''भावाला विचारतो'', ''गणपतीत सगळे येतील तेव्हा बघू'', ''होळीला बसू''. गणपती आले आणि गेले. होळी आली आणि गेली.

कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी सही करत नाही. वकिलाला याहून मोठे संकट नाही. नाही म्हणणारा सापडला तर त्याच्यावर दावा लावता येतो, त्याची उलटतपासणी घेता येते. हसून चहा देणाऱ्यावर कोणते कलम लावणार?

या ठिकाणी आम्हाला चवदार तळ्याचा दावा आठवतो. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण आपण दरवर्षी त्याचा जयजयकार करतो, अभ्यास करीत नाही.

क्रम नीट पाहा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न सुटला होता! पण तीन वर्षे एकही अस्पृश्य तळ्यावर जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह जाऊन ओंजळभर पाणी घेतले तेव्हा त्या कागदाला जीव आला आणि लगेच आपल्या माणसांची डोकी फुटली. तळ्याचे शुद्धीकरण झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये विरोधकांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून मनाईहुकूम आणला. १९३१ मध्ये तो दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या अपिलात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे. तीन दिवस कमी.

सावित्रीवरचा पूल १६५ दिवस. चवदार तळ्याच्या चार पायऱ्या दहा वर्षे. कोणते अंतर मोठे होते?

पण बाबासाहेबांची पद्धत पाहा. अस्पृश्यता बरी की वाईट, यावर ते कोर्टात अडकून पडले नाहीत. तो प्रश्न न्यायाधीशांना सोडवता येणार नव्हता. त्यांनी कोर्टापुढे सुटू शकेल असा प्रश्न ठेवला. तळे कुणाच्या मालकीचे? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे वादी म्हणतात. मग त्यांनी ती सिद्ध करून दाखवावी. पुराव्याचे ओझे त्यांच्या डोक्यावर गेले आणि ते त्यांना पेलले नाही. तळे नगरपालिकेचे ठरले, रूढी सिद्ध झाली नाही.

आणि जो प्रश्न कोर्टात सुटणार नव्हता, त्याचे काय केले? २५ डिसेंबर १९२७ रोजी, मनाईहुकूम हातात पडलेला असताना, त्याच महाडमध्ये त्यांनी मनुस्मृतीचे दहन केले. परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांच्यासारखे जन्माने सवर्ण सहकारी सोबत होते. सत्याग्रहासाठी आलेले हजारो लोक तळ्यावर जायला अधीर होते, तरी बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला. पाण्याचा हक्क कोर्टात, पाणी नाकारणारा विचार लोकांसमोर. एकच गाठ, पण तिचे दोन दोर त्यांनी वेगळे केले आणि प्रत्येकाला वेगळे हत्यार लावले. हत्यारांची अदलाबदल केली नाही. आपली गफलत नेमकी इथे होते. जिथे अर्ज करायचा तिथे आपण मोर्चा काढतो, जिथे मोर्चा काढायचा तिथे निवेदन देतो, आणि जिथे शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसायचे तिथे घोषणा देतो.

आजचा फेरफारही लक्षात घ्या. १९२७ मध्ये रूढी सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर होती. आज वाडीच्या वाटेसाठी वहिवाट सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर आहे. इझमेंट ॲक्ट, १८८२ प्रमाणे खासगी जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार, हक्काने वाट वापरली असे आपल्याला शाबीत करावे लागते. आपला आजा त्या वाटेने चालला, पणजा चालला, पण कुणी लिहून ठेवले नाही. ज्याने कागद ठेवला त्याची जमीन, ज्याने पाय झिजवले त्याला तारीख!

काही प्रश्न एका शासन निर्णयाने सुटतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योग्य निर्णय होता, आम्ही त्याचे स्वागत केले. पाटी बदलायला रंगाचा एक डबा पुरतो. पण गाव आणि वाडी यांच्यामधली ती दोनशे पावले पाटीने कमी होत नाहीत. वस्ती विकासाची योजनाही आहे, पण तिचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो. आमच्या डोंगरातल्या वाड्यांत निम्म्या घरांना कुलपे, माणसे मुंबई-ठाण्यात. डोकी कमी म्हणून निधी कमी, रस्ता नाही म्हणून माणसे परत येत नाहीत, माणसे नाहीत म्हणून डोकी कमी. अशा गोल फिरणाऱ्या प्रश्नाला सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न असतो. आणि कुठे निधी मंजूर झालाच, तर जागेच्या संमतीवाचून तो पडून राहतो. 'पैसा नाही' ही सबब इथे टिकत नाही. पैसा आहे, सही नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेने १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरवला. तेव्हा तिथे विचारले जाऊ लागले की, चंद्रावर जाऊ शकणारा देश काळ्यांच्या वस्त्यांतले दारिद्र्य का हटवू शकत नाही? रिचर्ड नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७७ मध्ये याच विषयावर 'द मून अँड द घेटो' नावाचे पुस्तक लिहिले. चंद्र कुणाच्या मालकीचा नव्हता, चंद्राच्या वाटेत कुणाचे हितसंबंध नव्हते. वस्तीच्या वाटेत होते. आजींनी हे पुस्तक वाचलेले नाही, पण प्रश्न त्यांनी तोच विचारला.

तथागतांनी दुःख आहे एवढे सांगून थांबायला सांगितले नाही. दुःखाचे कारण शोधा, ते दूर होऊ शकते हे जाणा आणि मग मार्गाला लागा, असा क्रम त्यांनी दिला. आपण पुष्कळदा दुःखावरून थेट मार्गावर उडी मारतो आणि मधले कारण तसेच राहते. आमच्या व्यवसायात आम्हीही तेच केले. गडगा हे कारण समजलो. गडगा हे लक्षण होते. कारण होते एकतीस नावांच्या आड लपलेली एक जुनी समजूत: वाडीला वाट ही आमच्या मेहेरबानीने मिळते, हक्काने नव्हे. सही केली की मेहेरबानी संपते आणि हक्क सुरू होतो. म्हणून चहा मिळतो, सही मिळत नाही.

आता स्वतःकडेही पाहू, कारण दुसऱ्यावर बोट दाखवणे हा सर्वांत सोपा प्रश्न आहे. दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडच्या क्रांतिभूमीवर निळा सागर लोटतो. आपण अभिवादन करतो, पुस्तके विकत घेतो, फोटो काढतो आणि संध्याकाळची गाडी पकडतो. त्याच महाडपासून तासाभराच्या अंतरावर डोलीने माणूस न्यावा लागणारी वाडी आहे, हे किती जणांना ठाऊक असते? एकेका वाडीचे दोन-दोन मंडळे झाली आहेत, एक मुंबईचे, एक गावचे, आणि त्यांच्यात बोलणे नाही. आमच्या याच प्रकरणात पहिले सहा महिने अर्जावर अध्यक्ष म्हणून सही कुणी करायची यावर गेले. समोरच्यांच्या एकतीस सह्या मागताना आपल्या दोन सह्या एका कागदावर येत नव्हत्या, हे आम्ही लाजून पण लपवल्याशिवाय लिहितो आहोत.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या दिवसाचे सोहळे होतील आणि व्हावेत. पण आमची सर्व मंडळांना, समित्यांना आणि तरुण वकिलांना एक विनंती आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील प्रत्येक बौद्धवाडीच्या वाटेची एक वही करा. गाव नकाशावर ती वाट तुटक रेषेने दाखवली आहे काय, ते पाहा. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये तिची नोंद आहे काय, ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत ठराव मागा. ज्येष्ठ माणसे हयात आहेत तोवर त्यांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवा; त्यांच्या आठवणी हाच आपला पुरावा आहे. वाट अडवली तर सहा महिन्यांची मुदत विसरू नका. हे सगळे सोपे प्रश्न आहेत आणि ते आपल्या आळसाने अवघड झाले आहेत. आधी हे संपवा.

मग उरतो तो खरा अवघड प्रश्न. त्याला वही पुरत नाही. त्यासाठी एकतीस दारांवर पुन्हा पुन्हा जावे लागते, भांडायला नव्हे आणि याचना करायलाही नव्हे. फत्तेखान आणि टिपणीस प्रत्येक गावात असतात. त्यांना कुणी विचारायला गेलेले नसते. कायद्याने दार उघडते, पण आतला माणूस बाहेर यायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा लागतो. मात्र वेळ देणे म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे.

आजींना सांगायचे उत्तर आता आमच्यापाशी आहे. आजी, पूल लवकर झाला कारण नदीला मन नव्हते. डोंगर फुटला कारण डोंगराला सातबाऱ्यावर भाऊबंद नव्हते. तुमची दोनशे पावले लांबली, कारण ती जमिनीवरून जात नाहीत, माणसांच्या मनातून जातात. पण ती न होणारी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. चवदार तळ्याच्या पायऱ्याही एके काळी न होणाऱ्याच होत्या.

मुंबईतल्या हिस्सेदारांकडे आम्ही आता दर रविवारी जातो. गावच्या आणि मुंबईच्या मंडळांचे दोघे-दोघे सोबत असतात. एकतीसपैकी अकरा सह्या झाल्या आहेत. वीस उरल्या आहेत.

जयभीम!